सहासष्टांचे ऋण
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांनी आज्ञा केली. आम्ही पडलो निवृत्त शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवू नये. एका जुन्या ऋणाचे स्मरण तेवढे करून देतो.

१४ एप्रिल ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती. आमच्या शाळेत तो दिवस आम्ही दरवर्षी भक्तिभावाने साजरा केला. परंतु त्याच तारखेस, १९४४ साली, मुंबईत काय घडले हे एकाही वर्गाला सांगितले नाही. कारण आम्हांसच ते नीट ठाऊक नव्हते.

त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचे जहाज उभे होते. त्याच्या पोटात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटक द्रव्येही होती. दुपारी कापसाने पेट घेतला. दाबून बांधलेली गासडी वरून ओली झाली तरी आत धुमसतच राहते. मुंबईच्या अग्निशामक दलाचे जवान पाण्याचा मारा करीत राहिले, पण आग आटोक्यात येईना. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा, अधिक भयंकर. शेकडो माणसे प्राणास मुकली, हजारो बेघर झाली. त्यात कर्तव्यावर असलेले ६६ अग्निशामक जवान गेले. त्यांच्याच स्मृतीसाठी १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

ही हकिकत आम्हांस आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने सांगितली. तो अग्निशामक दलात नोकरीस आहे. ऐकून आम्ही हेलावलो आणि सवयीने विचारून बसलो, "त्या ६६ जणांत आपल्या ज्ञातीचे किती रे?" तो क्षणभर गप्प राहिला. मग नम्रपणे म्हणाला, "गुरुजी, बंब बाहेर काढताना आम्ही पत्ता विचारतो. आडनाव विचारीत नाही."

बंधुभगिनींनो, जन्मभर मुलांना शिकविले, पण त्या दिवशी मुलाकडून शिकलो. ज्ञातिसंस्थेचे काम हलके आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. याच संस्थेच्या वसतिगृहात राहून आम्ही मॅट्रिक झालो, ते उपकार विसरणे नाही. परंतु स्वतःच्या माणसांची काळजी वाहता वाहता दुसऱ्याच्या घराचा धूर दिसेनासा झाला, तर अशा संस्थेचा उपयोग काय?

म्हणून दोन विनंत्या करतो. आपल्या तरुणांनी नागरी संरक्षण दलात स्वयंसेवक म्हणून नावे नोंदवावीत आणि आग विझविण्याचे प्राथमिक शिक्षण घ्यावे. दुसरी विनंती अशी की, आमच्या निवृत्तिवेतनातून ५,००० रुपये आम्ही संस्थेकडे देत आहोत. अग्निशमनाचे शिक्षण घेणाऱ्या एखाद्या होतकरू मुलास ते द्यावेत; मात्र त्यास ज्ञातीची अट नसावी. संस्थेच्या नियमांत हे बसत नसेल, तर कार्यकारी मंडळाने नियमाचा फेरविचार करावा, ही हात जोडून प्रार्थना.

आता आपण सर्वांनी उभे राहून त्या ६६ जणांसाठी क्षणभर स्तब्धता पाळावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.