स्वस्त गाडीचा जीर्णोद्धार

कित्येक वर्षे बंद पडलेली ऑस्टिन सेव्हन ‘आहे त्या स्थितीत’ विकण्याच्या जाहिराती इंग्लंडात आजही निघतात. अशी गाडी घ्यावी काय?

हर्बर्ट ऑस्टिन यांनी स्टॅन्ले एज या १८ वर्षांच्या आरेखकास हाताशी धरून ही चिमुकली गाडी सिद्ध केली. १९२२ साली ती लोकांपुढे आली आणि १९३९ पर्यंत सुमारे २,९०,००० गाड्या निघाल्या. बेताच्या मिळकतीच्या कुटुंबासही मोटार आटोक्यात आली.

परंतु स्वस्तपणाच पुढे तिच्या मुळावर आला. जुन्या गाडीची बॉडी फेकून देऊन चासीवर शर्यतीची गाडी उभारण्याची चाल पडली. कॉलिन चॅपमन यांची १९४८ ची पहिली गाडी अशीच जन्मास आली. म्हणूनच मोडकळीस आलेली का होईना, साधी घरगुती गाडी मूळ रूपात मिळाली तर तिचे मोल अधिक.

तिचे ७४७ घन सेंटिमीटरचे इंजिन साधे आहे. त्याचे भय नको. खरा खर्च गंजलेला पत्रा आणि त्यामागील कुजलेले लाकूड यांपायी होतो. तेव्हा किंमत ठरविण्यापूर्वी काय आहे यापेक्षा काय नाही, याची यादी करावी. आणि श्रोतेहो, कुजलेला तुकडाही फेकू नये. नव्या तुकड्याचे माप त्याच्याच अंगी असते!