आठवा रकाना



 

एफआयआरच्या छापील नमुन्यात आठवा रकाना असतो, फिर्याद द्यायला विलंब झाला असल्यास त्याच्या कारणांचा. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत तो बऱ्याचदा कोरा किंवा ‘निरंक’ असतो. मग जामिनाच्या अर्जावर आरोपीचा वकील उभा राहतो आणि म्हणतो, ‘चार महिने उशीर आहे, खुलासा नाही.’ मीही आरोपीतर्फे उभा राहतो, हा मुद्दा मांडतो आणि पुढेही मांडीन. उशिराने हकिगतीत पदरची भर पडू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1972 सालीच तुलिया काली खटल्यात सांगून ठेवले आहे. तो खटला मात्र खुनाचा होता.

सरकारी वकील उत्तरादाखल 1996 चा गुरमितसिंग निवाडा काढतात. 1984 साली लुधियाना जिल्ह्यातल्या दहावीच्या विद्यार्थिनीवर अत्याचार झाला. वडील आधी सरपंचाकडे गेले, पंचायत बसली, त्यातून काही निघेना तेव्हा पोलीस ठाणे गाठले. विशेष न्यायालयाने आरोपींना सोडले. सर्वोच्च न्यायालयाने घराच्या अब्रूची ही घालमेल ओळखून शिक्षा दिली. निवाडा मोलाचाच आहे. पण तिथे मुलीची साक्ष आणि उलटतपासणी झालेली होती. जामिनाच्या टप्प्यावर पुष्कळदा फिर्याद, दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब आणि वैद्यकीय अहवाल एवढेच हाती असते. तेव्हा नुसता निवाड्याचा क्रमांक वाचून सरकार पक्षाचे काम होत नाही. या खटल्यात उशीर का झाला, हे कागदावर दिसावे लागते.

आणखी एक गफलत नेहमी होते. फिर्याद उशिरा आली आणि अंगावर जखमाही नाहीत, असे दोन मुद्दे मांडले जातात. अहो, चार महिन्यांनी तपासलेल्या अंगावर ओरखडा कसा सापडेल? एकच गोष्ट दोनदा मोजली जाते आणि कित्येकदा ती कोणाच्या लक्षातही येत नाही.

खरी मेख पुढे आहे. जामीन देताना न्यायालय बघते की आरोपी पळेल काय, साक्षीदारांवर दबाव आणेल काय. समजा, पीडिता गप्प राहिली कारण आरोपी तिचा मुकादम होता किंवा घरातलाच थोरला होता. मग उशिराचे कारण हेच दबावाच्या धोक्याचे प्रथमदर्शनी कारण ठरते. म्हणजे जो उशीर जामिनाच्या बाजूने सांगितला जातो, तो त्याच्या विरुद्धही जाऊ शकतो. उलट, दोघांचे संबंध वर्षभर राजीखुशीने चालले आणि लग्न मोडल्यावर फिर्याद झाली, तर तो काळ संमतीच्या प्रश्नालाच भिडतो. तिथे आरोपीला त्याचा लाभ मिळायला हवा. कारण विचारल्याशिवाय यांतले काय खरे, हे कळायचे कसे?

उशीर नेहमी फिर्यादीचाच असतो, असेही नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतील अत्याचाराच्या प्रकरणात पालकांना ठाण्यात तासन्‌तास ताटकळत ठेवल्याचा आरोप झाला, पोलीस निलंबित झाले आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ललिताकुमारी निवाड्याने दखलपात्र गुन्हा नोंदवणे बंधनकारक केले आहे. लैंगिक अत्याचाराच्या अशा गुन्ह्याची खबर न नोंदवणाऱ्या पोलिसाला भारतीय न्याय संहितेच्या कलम 199 खाली किमान सहा महिने सक्तमजुरी आहे. ठाण्याने घालवलेला वेळ त्या बाईच्या खात्यावर लिहिणे हा निव्वळ अन्याय आहे.

म्हणून सरकारी वकिलांना आणि तपास अधिकाऱ्यांना माझे आवाहन आहे. आठवा रकाना पीडितेच्या शब्दांत भरून घ्या. ती आधी कोणाला बोलली, ठाण्यात पहिल्यांदा केव्हा आली, हे तारखेनिशी नोंदवा. सुनावणीत तिला बाजू मांडू द्या. 2022 च्या जगजितसिंग निवाड्याने तो हक्क तिला दिलेलाच आहे. आणि कारण पटले नाही, तर न्यायालयाने आरोपीला जामीन जरूर द्यावा.