कुंपणाबाहेरचा अधिकार



आपत्ती व्यवस्थापनाच्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिले आहे. समोर तहसीलदार बसले आहेत, अग्निशमन दलाचे अधिकारी आहेत, आरोग्य खात्यातले डॉक्टर आहेत, बोईसर-तारापूर पट्ट्यातून आलेले ग्रामपंचायत सदस्यही आहेत. अशा सभेपुढे सगळ्याच विषयांचा धावता आढावा घेण्यापेक्षा एकच प्रश्न नीट मांडावा असे मला वाटले. अणुऊर्जा केंद्रात अपघात झाला तर आसपासच्या गावांना ‘घर सोडा’ असे कोणी सांगायचे? आणि अणुसुरक्षेवर देखरेख करणाऱ्या नियामक संस्थेच्या अध्यक्षाचा अधिकार त्या बाबतीत कुठवर पोचतो?

माझे मत आधीच सांगून टाकतो. माणसे हलवण्याचा हुकूम नियामकाच्या अध्यक्षाच्या हाती असू नये. पण माणसे हलवता येणार नाहीत असे स्पष्ट दिसत असेल, तर अणुभट्टी चालू न देण्याचा अधिकार त्याच्या संस्थेकडे पुरेपूर असला पाहिजे. काही देशांनी हा दुसरा अधिकार एक तर दिलेला नाही, किंवा दिला आणि वापरण्याची वेळ आली तेव्हा पातळ केला.

या प्रश्नाची सगळ्यात बोलकी हकीकत अमेरिकेतली आहे. २८ मार्च १९७९ रोजी पहाटे पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या थ्री माइल आयलंड केंद्राच्या दुसऱ्या अणुभट्टीत बिघाड झाला. खरी परीक्षा झाली ती शुक्रवारी, ३० मार्चला. सकाळी केंद्राच्या चिमणीच्या वर हेलिकॉप्टरमधून तासाला १२०० मिलिरेम किरणोत्सार मोजला गेला. तिकडे देशाच्या राजधानीजवळच्या कार्यालयात अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाच्या कर्मचाऱ्यांनी जमिनीवर किती मात्रा येऊ शकेल याचा हिशेब नुकताच कागदावर मांडला होता आणि योगायोगाने त्यांचे उत्तरही १२०० आले होते. चिमणीवरचा आकडा त्यांनी जमिनीवरचा धरला. राज्याच्या आणीबाणी यंत्रणेला फोन गेला की वाऱ्याच्या दिशेने दहा मैलांपर्यंतची वस्ती हलवा.

त्या राज्यात स्थलांतराचा आदेश देण्याचा अधिकार गव्हर्नरांचा होता. गव्हर्नर डिक थॉर्नबर्ग यांनी आयोगाचे अध्यक्ष जोसेफ हेंड्री यांच्याशी बोलणे केले. हेंड्री भौतिकशास्त्रज्ञ, विषयातले जाणकार. त्यांनी सुचवले की पाच मैलांतल्या लोकांनी तूर्त घराबाहेर पडू नये. दुपारी गव्हर्नरांनी आणखी वेगळा सल्ला दिला: पाच मैलांच्या आतल्या गर्भवती स्त्रियांनी आणि शाळेच्या वयाआधीच्या मुलांनी निघून जावे. एका दिवसात तीन सल्ले. लोकांनी काय करावे? सुमारे १ लाख ४० हजार माणसे आपापल्या बुद्धीने गाडीत बसून निघाली.

त्या दिवशीची आयोगाची बैठक ध्वनिमुद्रित झाली होती. गव्हर्नरांकडची माहिती धूसर आहे, माझ्याकडे तर काहीच नाही, आम्ही दोघे आंधळ्यांसारखे चाचपडत निर्णय घेतो आहोत, असे हेंड्री तिथे सहकाऱ्यांना सांगतात. या बोलण्यावरून पुढे त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. मला मात्र ते त्या आठवड्यातले सर्वांत प्रामाणिक निवेदन वाटते. उणीव माहितीची होती आणि तयारीची होती. कागदावरची योजना पाच मैलांची. ती वीस मैलांपर्यंत वाढवायला सांगितले गेले तेव्हा सहा लाखांहून अधिक लोकसंख्या, अनेक रुग्णालये आणि वृद्धाश्रम त्या वर्तुळात आले, आणि स्थानिक अधिकारी रात्रंदिवस जागून नवे नकाशे काढत बसले. ही कामे अपघातानंतर करायची नसतात हे या सभेला सांगायला नको.

राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी जॉन केमेनी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. पाच सदस्यांचा नियामक आयोग मोडून एकच प्रशासक नेमावा, असे त्या समितीने ऑक्टोबर १९७९ मध्ये सुचवले. कार्टर यांनी मधला मार्ग काढला. १९८० च्या पुनर्रचना योजनेने पाच सदस्य कायम ठेवले, धोरण, नियम आणि निवाडे सामूहिक ठेवले, पण आणीबाणीत आयोगाची सगळी कामे एकट्या अध्यक्षाकडे सोपवली. त्याला दोन अटी घातल्या. शक्य तितके सहकाऱ्यांना कळवत राहायचे आणि आणीबाणी सरली की केलेल्या कामाचा पूर्ण अहवाल आयोगापुढे ठेवायचा.

पण हा एकहाती अधिकार नेमका कशावर आहे ते पाहा. केंद्र चालवणाऱ्या परवानाधारकाला अध्यक्ष आदेश देऊ शकतो. कुंपणाबाहेर मात्र त्याने मुलकी अधिकाऱ्यांना आणि जनतेला सल्ला द्यायचा. कुंपणाबाहेरच्या योजनांची तपासणी कार्टर यांनी डिसेंबर १९७९ मध्येच संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेकडे, म्हणजे फेमाकडे, दिली होती. हुकूम राज्याचा आणि काउंटीचा राहिला.

ही मर्यादा मला योग्य वाटते, आणि त्याचे कारण २०११ साली जपानमधल्या फुकुशिमा केंद्राच्या अपघातात दिसले. केंद्रापासून जेमतेम पाच किलोमीटरवर ओकुमा गावात फुताबा रुग्णालय होते. तिथले अंथरुणाला खिळलेले वृद्ध रुग्ण हलवताना आणि हलवल्यावर सुमारे पन्नास जण दगावले. किरणोत्साराने नाही, लांबचा बसप्रवास, थंडी, औषधपाण्याचा खंड आणि हाल यांनी. स्थलांतर हा स्वतःच एक धोका असतो. कोणत्या वस्तीत किती अंथरुणावरचे रुग्ण आहेत, कोणता पूल अवजड वाहन पेलत नाही, भरतीच्या वेळी कोणत्या रस्त्यावर पाणी येते, आगारात त्या क्षणी किती एस.टी. गाड्या उभ्या आहेत, हे राजधानीत बसलेल्या शास्त्रज्ञाला कळणे शक्य नाही. ते तलाठ्याला, पोलीस पाटलाला, आशाताईंना ठाऊक असते. म्हणून हुकूम त्यांच्या वरिष्ठाचाच हवा.

आता दुसऱ्या अधिकाराकडे येतो. थ्री माइल आयलंडनंतर अमेरिकेने एक चांगला नियम केला: लोकांच्या संरक्षणाची पुरेशी उपाययोजना होऊ शकेल आणि होईल अशी वाजवी खात्री पटल्याशिवाय परवाना द्यायचा नाही. त्याची कसोटी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लागली. शोरहॅमचे केंद्र बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर. बेटाचे पूर्व टोक निमुळते, आणि तिथल्या माणसांना मुख्य भूमीकडे जायचे तर केंद्राच्या दिशेनेच यावे लागणार. सफोक काउंटीच्या लोकप्रतिनिधींनी अभ्यास करवून घेतला आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये ठराव केला की आमची माणसे सुरक्षित हलवता येणार नाहीत, म्हणून आम्ही कोणत्याही योजनेत भाग घेणार नाही. गव्हर्नर मारिओ कुओमो त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

मग वीज कंपनीने स्वतःच योजना लिहिली. फेब्रुवारी १९८६ मध्ये काउंटी आणि राज्याच्या गैरहजेरीत रंगीत तालीम झाली. चौकाचौकात वाहतूक वळवायला कंपनीचे कर्मचारी! त्यांना लोकांना अडवायचा कायदेशीर अधिकार कोणी दिला? फेमाचे तिथले प्रादेशिक संचालक फ्रँक पेट्रोन यांनी अहवालात लिहिले की शासनाच्या सहभागाशिवाय वाजवी खात्री देता येत नाही. ते वाक्य काढा असे वॉशिंग्टनहून सांगण्यात आले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. सरकारी नोकरीत असलेल्या प्रत्येकाने हे नाव लक्षात ठेवावे असे मला वाटते.

आयोगाने १९८७ मध्ये नियमच सैल केला. आज नकार देणारे अधिकारी प्रत्यक्ष संकटात आपल्या परीने सर्व प्रयत्न करतीलच, असे गृहीत धरायची मुभा त्याने घेतली. हे गृहीतक मानवी स्वभावाला धरून आहे, संकटात कोणी हात बांधून बसत नाही. पण ऐनवेळची धावपळ आणि तालीम केलेली तयारी यांत किती अंतर असते, हे तुम्ही सारे जाणता. एप्रिल १९८९ मध्ये शोरहॅमला पूर्ण क्षमतेचा परवाना मिळाला. तोवर कंपनीने राज्याशी करार करून एका डॉलरला केंद्र सोडून द्यायचे कबूल केले होते. काही अब्ज डॉलर खर्चून बांधलेल्या त्या केंद्राने व्यापारी वीज कधी दिलीच नाही. ज्यांच्याकडे ‘नाही’ म्हणायचा अधिकार होता त्यांनी ‘हो’ म्हटले, आणि ज्यांना परवान्यात स्थान नव्हते त्या स्थानिकांचा नकार टिकला. असा निकाल निव्वळ लोकांच्या चिकाटीवर सोडणे धोक्याचे आहे. सीब्रुक अणुकेंद्राच्या बाबतीत शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने असाच नकार दिला होता आणि तरीही १९९० मध्ये ते केंद्र सुरू झाले.

अध्यक्षाच्या एकहाती अधिकाराचा वाद २०११ मध्ये पुन्हा पेटला. १६ मार्चला आयोगाचे अध्यक्ष ग्रेगरी यास्को यांनी जपानमधल्या अमेरिकी नागरिकांना फुकुशिमापासून पन्नास मैल दूर जाण्याची शिफारस केली. जपानचा स्वतःचा स्थलांतराचा आदेश वीस किलोमीटरचा होता. चौथ्या अणुभट्टीच्या वापरलेल्या इंधनाच्या कुंडात पाणी उरलेले नाही, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते; पुढे तिथे पाणी असल्याचे निष्पन्न झाले. त्या घडीच्या माहितीवर सावध सल्ला देण्यात मला गैर दिसत नाही. प्रश्न होता तो असा: आणीबाणीचा अधिकार आयोगाच्या परवान्याखालच्या केंद्रांसाठी आहे, मग परदेशातल्या अपघाताला तो लागू कसा झाला, आणि कधीपासून? शिवाय मायदेशी योजना दहा मैलांची असताना पन्नास मैलांचा सल्ला ऐकून, न्यूयॉर्कजवळच्या इंडियन पॉइंट अणुकेंद्राभोवती राहणाऱ्यांनी काय समजायचे? नंतर अमेरिकी संसदेने खर्चाच्या कायद्यात कलम घातले की आणीबाणीचा अधिकार हाती घेतल्यापासून एका दिवसात अध्यक्षाने सहकाऱ्यांना आणि संसदेच्या समित्यांना कारणासह कळवावे. साधे कलम आहे, पण फार शहाणपणाचे. सत्ता कधी सुरू झाली आणि कधी संपली याची तारीख कागदावर असली पाहिजे.

आता परवाना नाकारण्याच्या दुसऱ्या अधिकाराकडे परत येऊ. कॅलिफोर्नियातल्या डायब्लो कॅन्यन केंद्राच्या परवान्याच्या वेळी, भूकंप आणि अणुअपघात एकाच वेळी झाले तर स्थलांतर कसे करायचे, हा प्रश्न आयोगाने विचारातच घ्यायचे नाकारले होते, आणि १९८६ मध्ये अपील न्यायालयाने निसटत्या बहुमताने त्याला मान्यता दिली. पंचवीस वर्षांनी जपानमध्ये दोन्ही गोष्टी एकाच दुपारी आल्या. जपानने २०१२ मध्ये नवे नियामक प्राधिकरण उभारले, तीस किलोमीटरपर्यंत तयारीचे क्षेत्र आखले, पण स्थलांतराच्या योजना स्थानिक संस्थांकडे ठेवल्या आणि त्या तपासणे प्राधिकरणाच्या सुरक्षा-परीक्षेबाहेर राहिले. अखेर मार्च २०२१ मध्ये मितो जिल्हा न्यायालयाने तोकाई-२ केंद्र चालवायला मनाई केली. तीस किलोमीटरच्या आत नऊ लाखांहून अधिक माणसे आणि बहुतेक गावांच्या योजनाच तयार नाहीत, हे त्याचे कारण. नियामकाने विचारायला हवा होता तो प्रश्न न्यायाधीशांना विचारावा लागला. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपात शिका केंद्राच्या परिसरातले रस्ते तुटले आणि ज्या घरांत आसरा घ्यायचा तीच पडली. केंद्र बंद होते, हे नशीब.

आपल्याकडे काय आहे? अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झाले. केंद्राबाहेरच्या आणीबाणीचा आराखडा राबवायची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची, आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानेही जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच. म्हणजे तारापूर अणुकेंद्रासाठी आज पालघरचे जिल्हाधिकारी. हुकूम योग्य हाती आहे. पण २०१२ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी जे लिहिले ते पुन्हा वाचले पाहिजे: केंद्राबाहेरच्या सरावांतून तयारी अपुरी असल्याचे दिसले, आणि मंडळाने सुचवलेल्या दुरुस्त्या अमलात आणून घेण्याचा अधिकार मंडळाला नव्हता. अध्यक्षाने त्रुटी पाहायच्या, पत्र लिहायचे आणि थांबायचे. मंडळाला अधिक भक्कम पायावर उभे करण्यासाठी २०११ मध्ये मांडलेले विधेयक १५ व्या लोकसभेबरोबर बाद झाले. कायद्याचा पाया भक्कम असावाच. पण कोणत्याही कायद्याला मी हा एकच प्रश्न विचारेन: बोईसर स्थानक, औद्योगिक वसाहत, चिंचणी, किनाऱ्यावरचे कोळीवाडे आणि पुनर्वसित अक्करपट्टी-पोफरणची माणसे तालमीत नीट हलली नाहीत, तर मंडळ अणुभट्टी थांबवू शकते का?

जैतापूरच्या नियोजित अणुकेंद्राच्या बाबतीत हा प्रश्न परवान्याच्या आधी विचारायची संधी आपल्याला अजून आहे. माडबनच्या सड्यावरून किती रस्ते निघतात आणि आषाढातल्या पावसात त्यांतले किती चालू राहतात, हे राजापूरच्या महसूल कर्मचाऱ्यांइतके कोणाला माहीत आहे?

म्हणून या अधिवेशनापुढे मी एक ठराव ठेवतो आहे. केंद्राबाहेरच्या प्रत्येक रंगीत तालमीचा निरीक्षण-अहवाल मराठीत छापून क्षेत्रातल्या ग्रामसभांपुढे वाचला जावा. अहवालातल्या प्रत्येक त्रुटीसमोर ती दूर करणाऱ्या अधिकाऱ्याचे पद आणि मुदत लिहिलेली असावी. आणि मुदत उलटूनही गंभीर त्रुटी कायम राहिल्यास परवाना स्थगित करण्याचा स्पष्ट अधिकार नियामक मंडळाला असावा, अध्यक्षाने तो वापरला किंवा वापरला नाही याची कारणे लेखी नोंदवून संसदेपुढे ठेवावीत. मसुद्याच्या प्रती दाराशी ठेवल्या आहेत. दुपारच्या सत्रात पालघर आणि रत्नागिरीच्या प्रतिनिधींनी सर्वांत आधी बोलावे आणि दुरुस्त्या सुचवाव्यात, अशी माझी विनंती आहे.