सहलीचा ठराव

(सामुदायिक रेडिओवरील भाषण, नोव्हेंबर २०२१)



दिवाळी झाली. फराळाचे डबे तळाला गेले. गेल्या काही दिवसांत ज्या ज्या गटाच्या बैठकीला गेले, तिथं बचत जमा झाली, हप्ते झाले, वही मिटली, की एकच विषय निघतो. "ताई, यंदा सहल काढायची का?" कुणी म्हणतं अष्टविनायक, कुणी म्हणतं कोकण. पण पोरांनी घरोघरी वेगळाच हट्ट धरलाय, खोपोलीचं इमॅजिका! मुंबई-पुण्याच्या मधलं ते थीम पार्क २०१३ साली सुरू झालं. मोबाइलवर पोरांनी तिथले पाळणे पाहिलेत, आणि आता त्यांना ते डोळ्यांनी बघायचेत. खरं सांगू? आयांनाही बघायचेत.

राज्य सरकारनं २२ ऑक्टोबरपासून अशी करमणुकीची पार्कं उघडायला परवानगी दिली. कोरडे खेळ चालू, पाण्याचे खेळ अजून बंद. म्हणजे दार उघडलंय, पण अर्धंच. कोरोना गेलेला नाही, म्हणूनच ते अर्धं उघडलंय. मग जायचं का नाही? आणि जायचं तर कसं? आज त्याबद्दल बोलू.

आधी एक गोष्ट. काही घरांतून ऐकू येतं, "आजाराचे दिवस, आणि बायकांना सहली सुचतात." मैत्रिणींनो, ही दीड-दोन वर्षं आठवा. मुलांची शाळा घरात, शहरातून परतलेली माणसं घरात, रोजगार बंद, माहेर बंद. घरात आजारी पडलं कुणी, तर रात्र रात्र उशाशी बसली कोण? गावोगावच्या गटांनी मास्क शिवले ते काय सहलीला जाऊन? एक दिवस मोकळ्या हवेत हसावं वाटलं तर त्यात चैन नाही. फक्त त्या एका दिवसाची किंमत घरातल्या म्हाताऱ्या माणसानं चुकवायला नको, एवढंच आपल्याला बघायचंय.

आता हा आजार पसरतो कसा, ते स्वयंपाकघरातूनच समजून घेऊ. दारं-खिडक्या लावून तेलात लाल मिरचीची फोडणी टाकली, तर काय होतं? घरभर ठसका. माजघरात निजलेली आजीसुद्धा खोकत उठते. तीच फोडणी अंगणातल्या चुलीवर टाकली, तर वारा घेऊन जातो. कोरोनाचं तसंच आहे. आजारी माणसाच्या श्वासातून, बोलण्यातून, खोकण्यातून तो हवेत येतो. बंद जागेत तो कोंडतो, मोकळ्यावर विरतो. जितका मोठा आवाज, तितका तो जास्त बाहेर पडतो.

हे एकदा ध्यानात आलं, की पार्कात कुठं जपायचं ते कुणी सांगावं लागत नाही. सगळ्यांना भीती वाटते पाळण्याची. पण इमॅजिकातला नायट्रो नावाचा मोठा पाळणा उघड्यावर आहे, वारा तोंडावर आपटत असतो. त्याच पार्कातला सलीमगड हा भुताचा खेळ बंद आहे, अंधारातला आहे. आजाराच्या हिशेबानं पाळण्यापेक्षा भुताचाच खेळ जास्त जोखमीचा! रांग बंद मंडपात असेल तर ती जोखमीची. जेवणाचा हॉल जोखमीचा, कारण तिथं सगळ्यांचे मास्क उतरलेले असतात. तेव्हा उघड्यावरचे खेळ आधी धरा, बंद खेळ सोडा. जेवणाची वेळ गर्दीच्या आधी किंवा नंतर ठेवा, आणि बसायला बाहेरची जागा शोधा. पुष्कळ पार्कांत घरची शिदोरी आत नेऊ देत नाहीत. निघायच्या आधी फोन करून विचारा. नेऊ देत नसतील तर भाकरी दाराबाहेर झाडाखाली खाऊनच आत शिरा. पाण्याची बाटली मात्र जिची तिची वेगळी. रविवार टाळा. मधला वार धरलात तर गर्दी कमी भेटते.

जपानची एक गंमत सांगते. तिथं फुजी पर्वताच्या जवळ फुजी-क्यू हायलँड नावाचं पार्क आहे. २०२० साली ते पुन्हा उघडलं तेव्हा लोकांना सांगितलं, की पाळण्यात बसून ओरडू नका, किंचाळायचं ते मनातल्या मनात किंचाळा. तिथले दोन अधिकारी स्वतः मास्क लावून, टाय बांधून त्या उंच पाळण्यात बसले आणि खाली येईपर्यंत तोंडातून हूं का चूं काढलं नाही. त्याची चित्रफीत जगभर फिरली. आपल्याला हे जमेल का? पाळणा वरून सुटला की आपल्या तोंडातून "आई गं" निघणारच! निघू दे, पण मास्कच्या आतून निघू दे.

आता खरी जोखमीची जागा. ती पार्कात नाहीच. ती आहे आपली गाडी. एसटीचा संप चालू आहे, म्हणजे खाजगी गाडी ठरवायची. पार्कात फिरताना आपण मोकळ्यावर असतो. गाडीत मात्र जाताना चार तास, येताना चार तास, मांडीला मांडी लावून बसतो. नऊ जणांच्या क्रूझरमध्ये चौदा जणी कोंबायच्या, एसी लावून काचा बंद करायच्या, आणि वर गाण्याच्या भेंड्या! हीच ती बंद घरातली फोडणी. म्हणून गाडी मोठी घ्या. बारा माणसं असतील तर सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर. भाडं जरा जास्त पडेल, पडू दे. एसी बंद, पुढची-मागची काच थोडी उघडी, म्हणजे हवा आरपार जाते. मास्क ड्रायव्हरदादांनाही. आणि भेंड्या चहाला गाडी थांबली की रस्त्याकडेला उभ्यानं. तिथं हव्या तेवढ्या मोठ्यानं गा.

आता पोरांचं. अठराच्या आतल्यांना अजून लस नाही. पाच वर्षांच्या आतल्यांना मास्क लावू नये असं सरकारनं सांगितलंय. म्हणजे या लहानग्यांचं रक्षण मोठ्यांच्या मास्कवर आणि गर्दीपासून लांब राहण्यावर आहे. अगदी तान्ही पोरं या खेपेला घरी ठेवता आली तर बरं. थोड्या मोठ्यांसाठी माणशी दोन मास्क जादा घ्या, कारण घामानं ओला झालेला मास्क कामाचा राहत नाही. वेगाच्या पाळण्यात सैल मास्क उडूनही जातो, तेव्हा दोऱ्या घट्ट करा. आणि आजाराखेरीज एक गोष्ट, पाळण्यात बसायच्या आधी पदर खोचा, ओढणी काढून पिशवीत ठेवा, वेणी बांधा. लटकणारं कापड चाकात गेलं की जिवावर बेततं. गरोदर बाईनं, हृदयविकार, बीपी किंवा पाठीचं दुखणं असलेल्या बाईनं वेगाच्या पाळण्यात बसू नये. तिथं पाटी लावलेली असते, ती वाचा.

आता मुद्द्याच्या गोष्टीला येते. त्यासाठी चीनमध्ये नुकतंच घडलेलं सांगते. शांघायला डिस्नेलँड नावाचं मोठं पार्क आहे. ३१ ऑक्टोबरला, रविवारी, आत हजारो माणसं होती. आदल्या दिवशी तिथं येऊन गेलेल्या एका बाईला कोरोना असल्याचं कळलं. झालं, दारं बंद. आतल्या प्रत्येकाची तपासणी झाल्याशिवाय बाहेर सोडायचं नाही. लेकरंबाळं घेऊन लोक रात्री रांगेत उभे, आणि वर आकाशात आतषबाजी चाललेली. जवळजवळ चौतीस हजार लोकांची तपासणी झाली. सुदैवानं त्यातलं कुणी बाधित निघालं नाही. पार्क पुढं दोन दिवस बंद ठेवलं.

आपल्याकडं अशी तपासणी होणार नाही. दारात कपाळाला ती बंदूक लावतील, ताप बघतील, झालं. पण सकाळी तापाची गोळी घेतली असेल तर ती बंदूक काय सांगणार? म्हणून आपली तपासणी पार्काच्या दारात होत नाही. ती होते निघायच्या आदल्या रात्री, आपल्या घरात, आपल्या मनाशी. घसा खवखवतोय, अंग कसकसतंय. सांगू का नको?

आणि इथंच बाई गप्प बसते. का बसते? भाड्याचे पैसे भरलेले असतात. ते बुडतील. नवऱ्याला काय सांगू? पोरगं महिनाभर वाट बघतंय. आपल्या एकटीमुळं सगळ्यांचा हिशेब बिघडेल. ती वाईट बाई नसते, मैत्रिणींनो. ती घासाघासातून पैसे साठवलेली बाई असते. गोळी घेते आणि गाडीत बसते. उद्या तिच्या शेजारणीच्या सासूला ऑक्सिजन लागला, तर दोष कुणाला देणार?

तेव्हा तिला खरं बोलणं परवडलं पाहिजे. ते काम गटाचं आहे, आणि ते आपल्याला येतं. आपल्या दशसूत्रीत बचत, कर्ज, परतफेड आहे, तसं आरोग्यही आहे. सहल ठरवायच्या बैठकीत इतिवृत्ताच्या वहीत ठराव लिहा, सूचक आणि अनुमोदकासकट. त्यात असं असू द्या.

पहिलं कलम. जी ऐनवेळी आजारी पडेल, किंवा जिच्या घरात कुणी आजारी असेल, ती येणार नाही, आणि तिचे पैसे तिला परत मिळतील. कसे? समजा गाडीचं भाडं माणशी सातशे येतं. बारा जणांनी शंभर-शंभर जास्त काढले तर बाराशे जमले. एक जण राहिली, तर तिचे सातशे त्यातून दिले, पाचशे उरले. कुणीच राहिलं नाही, तर परत आल्यावर ज्याचे त्याला शंभर रुपये परत. पार्काचं तिकीट आगाऊ काढत असाल तर तारीख बदलून मिळते का, पैसे परत मिळतात का, हे आधी विचारून घ्या. आणि सहलीचे पैसे गटाच्या बचतीतून किंवा अंतर्गत कर्जातून काढू नका. त्याचा डबा वेगळा.

दुसरं कलम. मोठ्यांनी दोन्ही डोस घेतलेले, आणि दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस झालेले. २० नोव्हेंबरला दुसरा डोस झाला असेल तर ४ डिसेंबरनंतरची तारीख धरा. कोविशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर आहे, कोवॅक्सिनच्या २८ दिवसांचं. लस घेतली तरी लागण होऊ शकते, पण आजार गंभीर व्हायची शक्यता पुष्कळ कमी होते. प्रमाणपत्राची छापील प्रत पिशवीत ठेवा, सोबत आधार कार्ड. पोरांचंही आधार घ्या, वयाचा पुरावा म्हणून.

तिसरं कलम. आपल्याबरोबर घरातल्या वडीलधाऱ्यांची लस. सहलीला आपण जाणार, पण परत येणार त्यांच्याकडं. सासूबाईंनी, आबांनी लस घेतली नसेल तर आधी त्यांना आरोग्य केंद्रात न्या, मग आपली सहल. चालवत नसेल तर आशाताईंना सांगा. या महिन्यात 'हर घर दस्तक' मोहीम चालू आहे, घरोघर जाऊन लस राहिलेल्यांना शोधतायत. आपणच नावं दिली तर काम सोपं होतं.

चौथं कलम. परत आल्यावर १४ दिवस एकमेकींना कळवत राहायचं. कुणाला ताप, खोकला, वास जाणं, असं काही झालं तर लगेच तपासणी, आणि गटाला त्याच दिवशी फोन. त्या दोन आठवड्यांची बैठक अंगणात घ्या, घरात नको. जी कळवेल तिला बोल लावायचा नाही, तिच्या घरी भाकरी पोचवायची. हेही ठरावात लिहा.

आणि शेवटी, हे कलम नाही, माझी विनंती आहे. गावोगाव या आजारानं काही बायका एकट्या पडल्या. सहलीची यादी करताना त्यांचं नाव आपोआप गळतं. "ती कशाला येईल," असं आपणच ठरवून टाकतो. तसं करू नका. तिला आधी विचारा. ती नाही म्हणाली तर तिची मर्जी, पण आपण विचारलं पाहिजे. तिच्या पोरांनाही पाळणा बघायचाच असतो.

आणि हे सगळं जमत नसेल, गाडी मोठी मिळत नसेल, डोस बाकी असतील, तर सहल पुढं ढकला. पार्क कुठं पळून जात नाही. यंदा जवळच्या धरणावर, नाहीतर कुणाच्या मळ्यात हुरडा खायला जा. थंडी पडतेच आहे.

तर येत्या बैठकीत हा विषय घ्या. आधी ठराव, मग तारीख, मग गाडी. सचिवताईंनी तो मोठ्यानं वाचून दाखवावा आणि सगळ्यांनी सह्या कराव्यात. मग बिनघोर जा, पोटभर हसा, आणि सगळ्या जणी सुखरूप घरी या.