वास्तू राहिली, खेळ कुठे गेले?

जुने चित्रपटगृह वाचवायचे असेल तर आधी त्याचे रोजचे खेळ वाचवायला हवेत. आपण नेमके उलटे करतो. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस पाहा. 1911 मध्ये पंचम जॉर्ज यांच्या हस्ते उद्घाटन झाले, पृथ्वी थिएटर्सची नाटके तिथे गाजली, चित्रपटही दाखवले गेले. 1952 मध्ये गोंडलच्या संस्थानिकांनी ते घेतले. 1993 मध्ये दारे बंद झाली आणि वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार होऊन ती उघडली 2016 मध्ये. पुढच्याच वर्षी युनेस्कोचा सन्मानही मिळाला. काम उत्कृष्ट झाले, यात वादच नाही. पण तिकीट काढून रोज सिनेमा पाहणारा प्रेक्षक काही तिथे परतला नाही. याउलट पुण्याचे प्रभात टॉकीज. ते 1934 पासून किबे घराण्याच्या जागेत भाड्याने चालले. 2014 च्या अखेरीस वास्तू मालकांकडे परतली, पाटी ‘किबे लक्ष्मी’ अशी झाली, पण पडद्यावर मराठी चित्रपट लागतच राहिले. पुणेकरांना नाव गेल्याची हळहळ वाटली असेल, पण मला हाच मार्ग अधिक मोलाचा वाटतो.

आता कुणी म्हणेल, एकपडदा चित्रपटगृहांच्या स्वतंत्र मालकांनी मराठी चित्रपटाला कुठे जवळ केले? आक्षेप रास्त आहे. 1971 मध्ये दादरच्या कोहिनूरमध्ये दादा कोंडक्यांच्या ‘सोंगाड्या’ला जागा मिळेना, तिथे देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ लावायचा होता. बाळासाहेब ठाकरे आणि शिवसैनिक मध्ये पडले, तेव्हा ‘सोंगाड्या’ लागला. हा प्रसंग मी मुद्दाम सांगतो आहे, कारण माझ्या मते तो माझ्याच बाजूने बोलतो. शिवसैनिकांच्या मार्गाबद्दल मतभेद असोत, पण निर्णय घेणारा माणूस दादरमध्येच होता, त्याला गाठता आले, जाब विचारता आला. आज साखळीतल्या मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपट सकाळच्या खेळाला ढकलला गेला तर जाब विचारायचा कुणाला? तिकीट देणाऱ्या मुलाच्या हातात काहीच नसते. स्वतंत्र चित्रपटगृहाचे मोल इथे आहे, त्याच्या कमानींत नाही.

आता आपल्याकडे, ठाणे-कल्याणकडे येतो. ठाण्यात एसटी स्थानकालाही लोक ‘वंदना’ चित्रपटगृहाच्या नावाने ओळखतात, इतकी चित्रपटगृहांची नावे आपल्या पत्त्यांत मुरली आहेत. प्रेक्षकच येत नाहीत तर मालकाने तोटा का सोसावा, हा प्रश्न मला मान्य आहे, म्हणूनच मी नुसते आवाहन करत नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी एकपडदा चित्रपटगृहांना मालमत्ता करात सवलत द्यावी आणि ती दर्शनी भिंतीच्या वयावर नव्हे, तर वर्षभरात प्रत्यक्ष झालेल्या खेळांवर मोजावी. संध्याकाळच्या खेळाला मराठी चित्रपट लावला तर सवलत वाढवावी. आणि ज्यांचा पडदा वर्षानुवर्षे बंद आहे, त्यांना ती देऊ नये.