घबाडाचा तोल : रणनीतीच्या व्हिडिओ गेममधील दुर्मीळ लाभाचा विचार



अध्यक्षीय भाषणाने क्षेत्रातील सर्व प्रश्नांचा धावता आढावा घ्यावा अशी अपेक्षा असते. प्रस्तुत भाषण मात्र वरकरणी लहान दिसणाऱ्या एकाच प्रश्नापुरते मर्यादित ठेवले आहे. रणनीतीच्या गेममध्ये अज्ञात प्रदेश धुंडाळणाऱ्या खेळाडूला क्वचित, पण मोठा लाभ मिळावा असे ठरवल्यास डावाचा तोल कसा राखावा, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर बहुधा लाभाची रक्कम कमी करण्यात शोधले जाते. येथे मांडायचे प्रतिपादन वेगळे आहे: घबाड लहान केल्याने तोल साधत नाही, ते डावाच्या कोणत्या टप्प्यावर, कोणत्या किमतीत आणि कोणाच्या डोळ्यांदेखत मिळते, यावर तो साधतो.

१९९३ साली 'मास्टर ऑफ ओरायन' या गेमचा परिचय करून देताना अ‍ॅलन एमरिच यांनी अमेरिकेतील 'कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड' या मासिकात रणनीतीच्या एका प्रकाराची चार अंगे सांगितली: शोध, विस्तार, साधनांचा उपयोग आणि शत्रूचा संहार. या चारांत शोधाचे स्थान विचित्र आहे, कारण बाकीची तीन अंगे डावाच्या अखेरपर्यंत चालू राहतात, तर शोध नकाशा उजळत जाईल तसतसा स्वतःला संपवत नेतो. शिवाय शोधासाठी पाठवलेली तुकडी त्या काळात शहराचे रक्षण करत नाही आणि तिच्यावर झालेला खर्च नव्या वसाहतीसाठी वापरता येत नाही; म्हणून शोधाला मोबदला द्यावा लागतो. तो मोबदला दर वेळी सारखाच असेल, तर खेळाडू त्याचा हिशेब मांडून मोकळा होतो आणि अज्ञाताचे कुतूहल उरत नाही. त्यामुळे एखादा लाभ क्वचितच आणि अनपेक्षितपणे मिळावा, ही गरज शोधाच्या स्वरूपातूनच निर्माण होते.

सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी रचलेल्या 'सिव्हिलायझेशन'ने १९९१ साली ही गरज एका साध्या युक्तीने भागवली. नकाशावर ठिकठिकाणी लहान वस्त्यांच्या झोपड्या दिसत, आणि तुकडी एखादीत शिरली की कधी थोडे सोने, कधी प्राचीन विद्येची पोथी, कधी सामील होणारे भाडोत्री सैनिक, कधी हल्ला करणारे रानटी, तर क्वचित एक आयते शहर पदरात पडे. खेळाडूंच्या भाषेत रूढ झालेली 'गुडी हट' ती हीच. या फळांच्या यादीतच पुढच्या सगळ्या वादाचे बीज होते, कारण सोने आणि शहर ही एकाच मापाने मोजण्याजोगी फळे नाहीत. सोने एकदा खर्च होते; शहर दर पाळीला अन्न, उत्पादन आणि ज्ञान देत राहते आणि त्यातून आणखी शहरे उभी राहतात.

येथे चक्रवाढीचा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. समजा, एखाद्या साम्राज्याची ताकद दर पाळीला २ टक्क्यांनी वाढते. दहाव्या पाळीला हाती आलेली १०० एककांची भर एकशेदहाव्या पाळीपर्यंत सुमारे ७२४ एककांची होते. तीच भर शंभराव्या पाळीला आली, तर त्याच क्षणी ती जेमतेम १२२ एककांची असते. खऱ्या गेममधील वाढ इतकी सरळ नसते, तरीही या काल्पनिक उदाहरणातून एवढे स्पष्ट होते की लाभाचा आकार आणि लाभाची वेळ यांचा गुणाकार होतो. शोधाचा बहुतेक भाग डावाच्या प्रारंभीच उरकत असल्यामुळे घबाड नेमके अशा वेळी सापडते, जेव्हा त्याला वाढण्यास सर्वाधिक अवधी असतो.

दुसरा मुद्दा संभाव्यतेचा, म्हणजे एखादी गोष्ट घडण्याच्या शक्यतेचे माप काढण्याचा आहे. १९९९ सालच्या 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३' या गेममध्ये वाटेत सापडणाऱ्या खजिन्याच्या पेटीतून ५ टक्के वेळा एखादी जादुई वस्तू निघते. इतकीच शक्यता असलेले, पण डाव फिरवणारे एखादे घबाड आठ खेळाडूंच्या डावात ठेवले आणि प्रत्येकाने तीन जागा उघडल्या असे मानले, तर एका विशिष्ट खेळाडूला ते किमान एकदा मिळण्याची शक्यता सुमारे १४ टक्के भरते. परंतु आठांपैकी कोणाला तरी ते मिळण्याची शक्यता ७१ टक्क्यांच्या आसपास जाते. याचा अर्थ असा की जे एकेका खेळाडूच्या दृष्टीने दुर्मीळ, ते डावाच्या दृष्टीने जवळजवळ नित्याचे ठरते, आणि बहुतेक डावांत कोणीतरी एक जण कर्तृत्वाशिवाय पुढे निघालेला असतो. रचनाकार पेटीमागील टक्केवारी पाहून निश्चिंत होतो, तर हरलेला खेळाडू संपूर्ण डाव पाहतो. दोघांच्या निष्कर्षांतील तफावत येथून येते.

या अडचणीवर 'सिव्हिलायझेशन' मालिकेच्या पुढच्या आवृत्त्यांनी केलेले उपाय अभ्यासण्याजोगे आहेत. २००५ सालच्या 'सिव्हिलायझेशन ४' मध्ये वस्तीतून मिळणाऱ्या फळांची यादी काठिण्यपातळीनुसार बदलते, त्यामुळे वसाहतकारांची आयती तुकडी सोप्या पातळ्यांवरच मिळू शकते. शिवाय टेहळणीसाठीच बनवलेल्या तुकडीला रानट्यांचा उपद्रव होत नाही. २०१० सालच्या पाचव्या आवृत्तीने या फळांच्या यादीतून रानटी पूर्णपणे काढून टाकले आणि प्राचीन अवशेषांतून नेहमी काही ना काही हितकारकच मिळेल अशी व्यवस्था केली. २०१३ सालच्या विस्तारात आलेल्या शोशोनी संस्कृतीच्या वाटाड्यांना तर अवशेषांतील फळ स्वतःच निवडण्याचा अधिकार मिळाला. दैव क्रमाक्रमाने सौम्य होत गेले. तरीही अशा वस्त्या किंवा अवशेष बंद ठेवून डाव मांडण्याची सोय या आवृत्त्यांत रचनाकारांनीच ठेवली आहे, आणि तिच्यामुळे एवढे दिसते की केवळ सौम्यपणाने प्रश्न सुटला नव्हता.

सौम्यपणाची दुसरी वाट यादृच्छिकतेला स्मरण देण्याची आहे. निव्वळ यादृच्छिक निवडीत मागील दानाचा पुढील दानावर परिणाम होत नाही. स्मरण असलेल्या निवडीत तो मुद्दाम घडवला जातो. आधुनिक 'टेट्रिस'मध्ये सात आकारांचा संच फेटून एकेक आकार दिला जातो आणि संच संपल्यावरच नवा घेतला जातो, हे त्याचे परिचित उदाहरण. २०१० साली सॅन फ्रान्सिस्को येथील गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये सिड मायर यांनी सांगितले की तिनास एक अशी अनुकूलता असताना हरणे खेळाडूंना अन्याय्य वाटते, मात्र तीच प्रतिकूलता असताना जिंकणे त्यांना मुळीच खटकत नाही. म्हणून लढायांचे निकाल ठरवताना मागील निकालांचाही विचार करण्यात आला. हा उपाय लढाईला लागू पडतो, कारण लढाया पुष्कळ होतात आणि त्यांत भरपाईला वाव असतो. घबाड डावात एकदाच सापडते. ज्याला ते सापडले नाही त्याची पुढच्या वेळी भरपाई करायची म्हटले, तर ती पुढची वेळ त्याच डावात येतच नाही.

म्हणून दैव सौम्य करण्याऐवजी घबाडाभोवतीची परिस्थिती घडवणाऱ्या उपायांकडे अधिक लक्ष देणे आवश्यक आहे. त्यांपैकी पहिला उपाय किमतीचा. 'मास्टर ऑफ ओरायन'मधील ओरायन हा ग्रह सर्वांत मोठा ठेवा आहे आणि तो जिंकल्यावर मिळणारा मृत्युकिरण अन्य कोणत्याही मार्गाने हाती येत नाही. परंतु त्या ग्रहावर एका प्रचंड रक्षकनौकेचा पहारा आहे, आणि तिला हरवण्याइतके आरमार उभे करणारा खेळाडू तोवर डावात बराच पुढे आलेला असतो. ठेवा कोठेतरी आहे हे सर्वांना ठाऊक असते. नशिबाचा भाग फक्त तो कोणाच्या सीमेजवळ पडतो एवढाच उरतो. या रचनेत घबाडाचा आकार जराही कमी केलेला नाही, त्याची वेळ मात्र पुढे ढकललेली आहे, आणि वर मांडलेल्या चक्रवाढीच्या गणिताला दिलेले ते नेमके उत्तर आहे. 'हीरोज ३' मधील ड्रॅगन युटोपिया या ठिकाणी राखणीला ड्रॅगन जितके अधिक, तितकी लूट मोठी, असे किंमत आणि लाभ यांचे नाते थेट बांधलेले आहे.

दुसरा उपाय निवडीचा. त्याच गेममधील पेटी बहुतेक वेळा खेळाडूला सोने घ्यावे की सेनानायकाचा अनुभव, असा प्रश्न घालते. सोने सैन्य वाढवते, अनुभव नायकाची कुवत वाढवतो, आणि कोणते घ्यावे हे त्या क्षणीच्या गरजेवर अवलंबून असते. अशा रचनेत नशिबाने मिळालेली गोष्टही खेळाडूच्या निर्णयातून गेल्याशिवाय फळत नाही. तिसरा उपाय उघडेपणाचा. १९९९ सालच्या 'एज ऑफ एम्पायर्स २' मध्ये नकाशावर विखुरलेले पवित्र अवशेष धर्मगुरूने उचलून मठात नेले की सोने थेंबाथेंबाने येत राहते; पण वाटेत धर्मगुरू मारला गेला किंवा मठ पाडला गेला की अवशेष पुन्हा जमिनीवर येतो आणि प्रतिस्पर्ध्याला तो नेता येतो. लाभ सावकाश मिळत असल्यामुळे विरोधकाला उत्तर देण्यास वेळ मिळतो, आणि लाभ हिरावता येत असल्यामुळे एकाचे नशीब दोघांच्या संघर्षाचे कारण बनते.

या कसोट्या लावल्यावर 'सिव्हिलायझेशन ५' मधील स्पेनची रचना का वादग्रस्त ठरते हे समजते. नैसर्गिक आश्चर्य सर्वांआधी शोधल्यास स्पेनला ५०० सोने मिळते, नंतर पोहोचल्यास १००. शिवाय त्या जागेचे उत्पन्नही दुप्पट होते. सोळाव्या शतकातील स्पॅनिश मोहिमांच्या सुवर्णलोभाशी हे विषयदृष्ट्या चपखल जुळते. परंतु पहिल्या काही पाळ्यांतच ५०० सोने हाती आले तर वसाहतकारांची तुकडी विकत घेता येते, आणि असे आश्चर्य जवळ नसेल तर त्या संस्कृतीचे वैशिष्ट्यच बराच काळ निष्क्रिय राहते. घबाड लवकर येते, त्याची विशेष किंमत मोजावी लागत नाही आणि प्रतिस्पर्ध्याला ते परत घेता येत नाही. तिन्ही दारे उघडी राहिल्यामुळे डावाचा कल नकाशा ठरवतो.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल. इतके नियंत्रण केल्यास शोधाची नवलाई संपेल आणि घबाडाचा पगार होईल, असा तो आक्षेप आहे, आणि तो निराधार नाही. 'स्टेलारिस' या गेममध्ये प्रारंभी अवकाशातील विसंगतींचा अभ्यास फसू शकत असे आणि प्रसंगी शास्त्रज्ञाचा बळीही जाई. २०१८ सालच्या सुधारणेने फसण्याचा धोका काढून अभ्यासाला लागणारा काळ हीच किंमत ठेवली. त्यामुळे हिशेब न्याय्य झाला, पण धास्ती ओसरली. शिवाय एकट्याने संगणकाविरुद्ध खेळणाऱ्याला समतोल डावापेक्षा आठवणीत राहणारा डाव हवा असतो, आणि त्याचा तो हक्क स्पर्धात्मक न्यायाच्या नावाखाली काढून घेण्याचे कारण नाही. मात्र आक्षेपाचा रोख नवलाई पुसणाऱ्या उपायांवर आहे. किंमत, निवड आणि उघडेपणा हे उपाय नवलाई पुसत नाहीत. ओरायनचा रक्षक कोसळतो तेव्हाचा आनंद झोपडीतून निघालेल्या शहराच्या आनंदाहून उणा नसतो, कारण त्यात दैवाबरोबर धाडसाचाही वाटा असतो.

यातून रचनाकारांसाठी काही व्यावहारिक कर्तव्ये निघतात. दुर्मीळता पेटीगणिक न मोजता संपूर्ण डावागणिक मोजावी. एकच नकाशा घबाडासह आणि घबाडाविना अनेकदा खेळून विजयाच्या प्रमाणातील फरक नोंदवावा, आणि चाचणी घेताना लाभ मिळालेल्याइतकेच न मिळालेल्याचे म्हणणे ऐकावे. प्रारंभीच्या लाभांनी शक्यतो नवे मार्ग खुले करावेत, जसे दूरचा प्रदेश दिसणे किंवा वेगळ्या तऱ्हेची तुकडी मिळणे. चक्रवाढीने वाढणारे लाभ किमतीच्या कुंपणाआड ठेवावेत. मराठी समीक्षेनेही या क्षेत्राकडे केवळ करमणूक किंवा व्यसन म्हणून न पाहता नियमांच्या रचनेचे शास्त्र म्हणून पाहावे आणि त्याची चिकित्सा मराठीतून करण्याची सवय लावून घ्यावी, अशी या परिषदेकडून अपेक्षा आहे.

नशीब हा रणनीतीचा वैरी नव्हे. आलेल्या संधीचे काय करायचे हे ठरवण्यास जागा ठेवणारे नशीब रणनीतीला काम पुरवते, आणि ती जागाच न ठेवणारे नशीब तिला बेकार करते. कोणत्याही दुर्मीळ लाभाची परीक्षा करताना रचनाकाराने स्वतःला एवढेच विचारावे, की तो मिळाल्यानंतर दोन्ही बाजूंच्या खेळाडूंपुढे नवा निर्णय उभा राहतो की केवळ नवा आकडा. उत्तर निर्णय असेल, तर लाभ कितीही मोठा असला तरी त्याला नकाशावर जागा आहे.