शिणलेला नागरिक आणि त्याचा रविवार

मुंबईच्या माणसाला रविवार हा ऋतुचक्राचाच एक भाग वाटतो. ज्येष्ठांत पाऊस यावयाचा, तसा सहा दिवस सरले कीं रविवार यावयाचा. त्यासाठीं कोणाचे आभार मानावयाचे असतात, हें त्याच्या मनांतहि येत नाहीं. परंतु या शहरांतील गिरणीकामगाराला १८९० पूर्वीं हक्काचा असा रविवार नव्हता. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत साच्यापुढें उभें राहावें आणि दुसऱ्या दिवशीं पुनः तेंच करावें, असा त्याचा क्रम होता. ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं कामगारांच्या सभा भरविल्या आणि ५,५०० सह्यांचें एक निवेदन तयार केलें. त्यांतील मागण्या आज वाचल्या तर मन ओशाळतें. आठवड्यांतून एक दिवस सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा आणि ठराविक तारखेच्या आंत पगार, एवढेंच तें मागणें होतें. पुढें सहा वर्षें हा विषय धुमसत राहिला. १८९० च्या एप्रिल महिन्यांत घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारें १०,००० कामगार जमले. त्या सभेंत कामगार स्त्रियाहि बोलल्या. आणि १० जून १८९० पासून गिरण्यांत साप्ताहिक सुटी सुरू झाली. तेव्हां रविवाराचें मूळ पंचांगांत शोधून सांपडावयाचें नाहीं. तें सभेंत, सह्यांत आणि चिकाटींत आहे.

हा इतिहास आठवण्याचें कारण असें कीं, आजचा नगरवासी पुनः शिणला आहे, आणि त्याचा शीण कांहींसा निराळ्या जातीचा आहे. मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून रोज ६० लाखांहून अधिक प्रवास घडतात. सकाळीं साडेसातला डोंबिवलीच्या किंवा विरारच्या फलाटावर उभा राहिलेला माणूस घरीं परततो तेव्हां मुलें पेंगुळलेलीं असतात. बायकांच्या डब्यांत भाजी निवडली जाते, कारण घरीं पोंचल्यावर दुसरी पाळी सुरू व्हावयाची असते. पूर्वीं कचेरीचें दार बंद झालें म्हणजे कचेरी मागें राही. आतां मोबाईलच्या रूपानें ती खिशांत बसून घरापर्यंत येते आणि जेवणाच्या ताटाशेजारीं निरोप ठेवते. अंग दुखतें तें झोपेनें बरें होतें. मन बोथट होतें त्याला झोप पुरत नाहीं.

या अवस्थेला अमेरिकेंतील मानसोपचारतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनीं १९७४ सालीं ‘बर्नआउट’ असें नांव देऊन तिचें वर्णन केलें. मराठींत तिला होरपळ म्हणतां येईल. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तींत तिची व्याख्या दिली. मात्र रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या जागीं दीर्घकाळ ताण साचल्यामुळें उद्‌भवणारी अवस्था म्हणून. तिचीं तीन लक्षणें सांगितलीं आहेत. पहिलें, शक्ति सरल्याची भावना. दुसरें, कामाविषयीं दुरावा आणि कडवटपणा. तिसरें, आपल्या हातून कांहीं धड होत नाहीं असें वाटणें. ही व्याख्या नोकरीच्या कामापुरतीच आहे, हें लक्षांत ठेवलें पाहिजे. तरीपण दुसऱ्या आणि तिसऱ्या लक्षणांकडे पाहिलें कीं मनांत येतें, नागरिकपणाचीहि अशीच होरपळ होत नसेल काय?

राजकारण हा शब्द उच्चारला कीं शिणलेला मुंबईकर हात झटकतो. “सारे एकाच माळेचे मणी,” हा झाला दुरावा; “आपल्या एका मतानें काय होणार,” ही झाली हतबलता. मार्च २०२२ मध्यें बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या सभासदांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्यें. मधलीं जवळजवळ चार वर्षें देशांतील या सर्वांत धनाढ्य पालिकेचा कारभार लोकनियुक्त सभागृहावांचून, प्रशासकाच्या हातून चालला. न्यायालयांत वाद चालले, वर्तमानपत्रांतून लेख आले. पण लोकल दहा मिनिटें उशिरा आली असतां फलाटावर जो गलबला उठतो, तसा गलबला गल्लोगल्लीं कांहीं ऐकूं आला नाहीं. दमलेल्या माणसाला दोष देणें सोपें आहे. त्याला रविवारीं राजकारण नको असतें. त्याला मोकळी हवा हवी असते. मुलांना घेऊन कोठें तरी जावें, झाडाखालीं बसावें, पुरीभाजीचा डबा उघडावा, एवढीच त्याची इच्छा. परंतु तो ज्या जागीं जाऊन बसतो, ती जागा तरी कोठून आली?

दादरचा मनुष्य संध्याकाळीं पाय मोकळे करावयास शिवाजी पार्कवर जातो. हें मैदान १९२५ सालीं लोकांसाठीं खुलें झालें तेव्हां त्याचें नांव माहीम पार्क होतें. १९२७ सालीं नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानें त्याला शिवाजीमहाराजांचें नांव मिळालें. दाट वस्ती होणार हें दिसत असतां मधोमध एवढी जागा रिकामी सोडावी, हा निर्णय कोणीतरी सभागृहांत घेतला म्हणूनच आज तेथें क्रिकेटचे डाव रंगतात आणि वृद्ध मंडळी कट्ट्यावर विसांवतात. त्याच मैदानानें संयुक्त महाराष्ट्राच्या सभा पाहिल्या. विसांवा आणि सभा, दोन्ही एकाच मातीवर नांदलीं. त्यांना एकमेकांची अडचण झाली नाहीं.

बोरिवलीच्या जंगलाचेंहि तसेंच आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारें १०४ चौरस किलोमीटर पसरलें आहे आणि महानगराच्या कुशींत असूनहि तेथें बिबट्या वावरतो. हें वन राहिलें याचें एक मोठें कारण पाणी. शहराची तहान भागविण्यासाठीं १८६० सालीं विहार आणि १८७९ सालीं तुळशी हे तलाव पुरे झाले. तलावांत स्वच्छ पाणी हवें तर भोवतालच्या टेकड्यांवरील झाडी राखणें भाग होतें. रविवारीं तेथें जाणाऱ्या कुटुंबाला सांवली मिळते ती त्या जुन्या व्यवस्थेची. त्या सांवलींत वारल्यांचे पाडेहि आहेत. त्यांना हें जंगल सहलीची जागा नसून घर आहे, हेंहि पाहुण्यानें विसरूं नये.

त्याच उद्यानांत कान्हेरीचीं शंभराहून अधिक लेणीं आहेत. इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकाच्या सुमारास तीं कोरावयास आरंभ झाला आणि पुढें कित्येक शतकें तें काम चाललें. पावसाळ्यांत भिक्षूंनीं एके ठिकाणीं राहावें यासाठीं तेथें विहार कोरले. प्रत्येकापुढें दगडांतच घडविलेले ओटे आणि पाण्याच्या पोढी आहेत. शिलालेख वाचले तर कळतें कीं कल्याण, सोपारा या गजबजलेल्या बंदरांतील व्यापाऱ्यांनीं आणि गृहस्थांनीं त्यासाठीं दान दिलें होतें. कोणी गुंफा दिली, कोणी पोढी, कोणी ओटा. दोन हजार वर्षांपूर्वींच्या शहरवासीयांनाहि ठाऊक होतें कीं शांतता आपोआप मिळत नाहीं. ती खोदावी लागते आणि तिचा खर्च सर्वांनीं मिळून सोसावा लागतो.

जेथें हें भान सुटलें, तेथें काय झालें हें गिरणगांवांत दिसतें. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख कामगार उतरले. संप फसला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि शहराच्या पोटांत सुमारें ६०० एकर जमीन उरली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीच्या ५८ व्या नियमांत या जमिनीचे ढोबळ मानानें तीन वांटे योजले होते: एक मोकळ्या जागांसाठीं पालिकेला, एक सार्वजनिक घरबांधणीसाठीं, आणि एक मालकाला. २००१ सालीं त्या नियमांत दुरुस्ती झाली. वांटणी सबंध जमिनीची न राहतां केवळ रिकाम्या जमिनीची करावी, असें ठरलें. गिरणीच्या आवारांत रिकामी जमीन ती किती असावयाची? शेडांनीं आणि गोदामांनीं तें व्यापलेलें असे. त्यामुळें उद्यानांच्या आणि कामगारांच्या घरांच्या वांट्याला चतकोर आला. सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं ही दुरुस्ती ग्राह्य धरली. परळ-लालबागच्या मुलांना जीं मैदानें मिळालीं असतीं, तीं अशा रीतीनें कागदावरील चार शब्दांत गेलीं. असा मजकूर दमलेला माणूस वाचीत नाहीं. ज्याला त्यांतून लाभ होतो तो मात्र ओळ न् ओळ वाचतो.

प्रश्न नेहमींच इतका सरळ नसतो. ऑक्टोबर २०१९ मध्यें आरे वसाहतींत मेट्रोच्या कारशेडसाठीं २,००० हून अधिक झाडें तोडलीं गेलीं. विरोध करणाऱ्यांना अटक झाली. झाडें वांचवूं पाहणारे नागरिक शहराच्या श्वासासाठीं झगडत होते. पण मेट्रोहि शिणलेल्या प्रवाशासाठींच होती. आरेपासून कफ परेडपर्यंत ती ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण धांवूं लागली आणि तिनें कित्येकांची रोजची धक्काबुक्की हलकी केली. दोन्ही पारड्यांत दमलेलाच मनुष्य होता. जेथें एका विसांव्याविरुद्ध दुसरा विसांवा उभा राहतो, तेथें निवाडा उघड्यावर, सर्वांचें ऐकून घेऊन व्हावयास हवा. आरेंत उच्च न्यायालयानें याचिका फेटाळल्या त्याच रात्रीं करवती चालूं लागल्या. लोकांच्या मनांत जखम राहिली ती झाडांइतकीच या घाईची.

लोकांनीं लक्ष घातलें तर काय होतें याचाहि दाखला याच शहरांत आहे. २०१५ सालीं मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. कोणी आपल्या गल्लीचा नकाशा काढून पाहिला, कोणाला रस्ता देवळावरून गेलेला दिसला, कोणाला बाग नाहींशी झालेली आढळली. हजारो हरकती दाखल झाल्या आणि एप्रिल २०१५ मध्यें राज्यसरकारला तो मसुदा बाजूला ठेवून दुरुस्त करावयास सांगावें लागलें. हरकती घेणारे बहुसंख्य लोक पुढारी नव्हते. नोकरीचाकरी करणारे, लोकलनें ये-जा करणारे सामान्य रहिवासीच होते. त्यांनीं आपल्या एखाद्या रविवारांतून दोन तास काढले, एवढेंच.

यावर कोणी म्हणेल, ज्याला धड झोप मिळत नाहीं त्याच्याकडून नागरिककर्तव्याची अपेक्षा करणें निर्दयपणाचें आहे. आक्षेप खरा आहे, आणि घरांतील स्त्रीच्या बाबतींत तर फारच खरा. सहलीचा डबा भरणारीला रविवार असतोच कोठें? म्हणून आधीं घरांतल्या घरांत विसांव्याची न्याय्य वांटणी झाली पाहिजे. परंतु लोखंड्यांच्या वेळचा कामगार आजच्या माणसाहून कमी दमलेला नव्हता. सुटी मिळण्यापूर्वींच, म्हणजे एकहि सुटी नसतांना, तो सभेला गेला. आणि त्यानें जें मिळविलें तें कायमचें मिळालें असेंहि नाहीं. सप्टेंबर २०२५ मध्यें कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्याच्या दुरुस्तीला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें मान्यता दिली. कामाचे तास, गाडींतील गर्दी, मैदानाचा तुकडा, तलावाकांठची झाडी हीं सर्व ठरतात तीं अशाच बैठकींतून.

तेव्हां रविवारीं शहरवासीयानें जंगलांत जरूर जावें, चौपाटीवर मुलांना वाळूंत खेळूं द्यावें, कट्ट्यावर निवांत बसावें. तो त्याचा हक्क आहे आणि त्यांत अपराधीपणा वाटण्याचें कारण नाहीं. मात्र उठतांना एकदां भोवतालीं पाहून विचारावें, ही जागा कोणाच्या ताब्यांत आहे, आणि पुढील आराखड्यांत तिच्यापुढें काय लिहिलें आहे? हा प्रश्न चार शेजाऱ्यांनीं मिळून आपल्या नगरसेवकाला विचारला तर त्याला उत्तर द्यावें लागतें. तेवढ्यानें शीण जाईलच असें नाहीं. पण आपल्या हातून कांहींच होत नाहीं, ही जी त्यांतली सर्वांत जड भावना, ती हलकी होऊं लागते.